शर्यतीबाहेरचा घोडा

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल माथेरानला गेली. आठवीच्या बेचाळीस मुली आणि आम्ही तिघी शिक्षिका. दस्तुरी नाक्यावर बस थांबली. तिथून पुढे मोटार जात नाही, म्हणून घोडेवाले तिथेच उभे असतात. लाल मातीची धूळ, लिदीचा वास, लगामाच्या कड्यांचा आवाज. मुली घाबरून एकमेकींना बिलगल्या आणि घाबरत घाबरत पुढेही सरकल्या. त्यातल्या एकीने मला विचारले, "टीचर, आप को घोडे पे बैठना आता है?"

मी म्हटले, "नहीं."

हे खोटे होते. मुलांशी खोटे बोलू नये, हे शिकायला बी.एड. करावे लागत नाही. तरी बोलून गेले. हा लेख त्या खोट्याची भरपाई म्हणून लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्यात चाँदबीबी आली, बायजाबाई शिंदे आल्या, मदिन्याची एक शर्यत आली. माझे शिक्षण पहिलीपासून उर्दूतून झाले. मराठी मला पनवेलच्या बाजारात आणि स्टाफरूममध्ये मिळाली. तेव्हा वाचकांनी भाषेकडे थोडी डोळेझाक करावी.

माझे आजोळ नेरळचे. मामूंच्या दोन घोड्या माथेरानला होत्या. मे महिन्याची सुटी लागली की अब्बा मला पनवेलहून नेरळला सोडून येत, आणि पुढचा महिनाभर मी मामूंच्या मागे मागे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मामूंनी पहिले पंधरा दिवस मला घोडीवर बसूच दिले नाही. सकाळी खरारा करायचा, तोबऱ्यात चंदी भरायची, खूर उचलून दगड काढायचे. घोडीचे नाव चाँदनी होते, रंग मात्र मातकट. मी कुरकुर केली की मामू म्हणत, "पहले उस की सुन. फिर वो तेरी सुनेगी." पंधरा दिवसांनी बसवले तेही खोगिराशिवाय, नुसत्या घोंगडीवर. खोगिरावर बसले की घोडीचे अंग कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. खरेच होते ते. चाँदनी घाबरली की आधी तिच्या पाठीची कातडी थरथरायची, मग कान वळायचे, आणि त्यानंतर पाय. हे मला पुस्तकातून कधी कळले नसते.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपले की घोडेवाल्यांची मुले मोकळ्या मैदानावर घोडे पळवीत. अकराव्या वर्षी मी त्यांच्यात उतरले आणि पहिली आले. मुलगी पहिली आली, याचा गवगवा झाला. पुढच्या उन्हाळ्यात मैदानाच्या कडेला मोठी माणसेही उभी राहू लागली. आधी लिंबू सोड्याची पैज होती, मग दहा-दहाच्या नोटा आल्या. त्या वर्षी मला झोप येईना. चाँदनीला खरारा करताना मी तिच्याशी बोलत नसे, मनात फक्त वळण कुठे घ्यायचे याचा हिशेब चाललेला असे. शर्यतीच्या दिवशी मी करवंदीच्या जाळीतून एक ओली काठी तोडून घेतली. त्याआधी मी तिला कधी मारले नव्हते. वळणावर ती मागे पडतेय असे वाटून मी काठी मारली. ती दचकली, पुढच्या गुडघ्यांवर पडली आणि मी तिच्या डोक्यावरून मातीत. माझे मनगट मोडले. चाँदनीचे दोन्ही गुडघे सोलले. ऐन हंगामात तीन आठवडे ती ठाणावर बांधून होती. मामूंच्या दोन घोड्यांपैकी एक बंद म्हणजे घरात निम्मे पैसे बंद. मामू मला एक शब्द बोलले नाहीत. नानी म्हणाली, "बस हो गया, अब बडी हो गई." त्यानंतर चोवीस वर्षे मी घोड्यावर बसले नाही.

मधल्या काळात मी शिक्षिका झाले आणि इतिहास शिकवू लागले. पाठ्यपुस्तकातला घोडा नेहमी कुठे तरी चालून जात असतो. पानिपत, पालखेड, खैबरखिंड. तो जिंकतो किंवा मरतो. मधल्या दिवसांत तो काय खातो, त्याला पाणी कोण पाजते, हे कोणी विचारत नाही. सभासदाची बखर मात्र याला अपवाद आहे. शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सांगताना सभासद लिहितो, की पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. आणि लगेच पुढे, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हे वाक्य मला फार आवडते. लढाईच्या यादीत पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा यांना जागा मिळाली आहे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो, आणि शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा. मामू त्या हिशेबाने शिलेदार ठरतात. हे मी त्यांना एकदा सांगितले तर म्हणाले, "शिलेदार को भी चंदी का भाव मालूम होगा ना?"

भाषेच्या शिक्षकाला शब्दांचा नाद असतोच. मराठीत घोड्यावर बसायचे तर फारसी-अरबी शब्दांवाचून बसताच येत नाही. लगाम, जीन, तंग, रिकीब, नाल, चाबूक, स्वार, पागा. उलट आमच्या उर्दूत घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणतात. हा शब्द शालिहोत्रापासून आला, म्हणजे अश्वविद्येचा तो प्राचीन संस्कृत आचार्य. घोड्यावर मांड टाकायची ती अरबी-फारसी शब्दांच्या आधाराने, आणि घोडा आजारी पडला की हाक मारायची संस्कृताला. उर्दू शायर सआदत यार खान रंगीन (मृत्यू १८३५) यांनी तर 'फरसनामा' नावाचे घोड्यांवरचे पद्य पुस्तकच लिहिले. शायर म्हणून ते रेख्तीसाठी ओळखले जातात, पण घोड्यांचा व्यापारही त्यांनी केला होता. अंगावरच्या कोणत्या भोवऱ्याचा घोडा शुभ, कोणत्याचा अशुभ, हे त्यात आहे. भोवरा बघणारे लोक आजही आपल्या घोडेबाजारात भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. चाँदनीच्या कपाळावर म्हणे वाईट भोवरा होता, आणि वाईट तिच्यावर बसलेल्या मुलीने केले.

हे घोडे येत कुठून? पुष्कळसे समुद्रातून. अरबस्तान आणि इराणच्या बंदरांतून घोड्यांची गलबते कोकणच्या किनाऱ्याला लागत. तेराव्या शतकाच्या अखेरचा मार्को पोलो आपल्या शेजारच्या ठाण्याविषयी लिहितो, की इथल्या राजाचा चाच्यांशी करारच होता. लुटीतले बाकी सगळे चाच्यांचे, घोडे तेवढे राजाचे. देशावरच्या लहान चणीच्या तट्टांशी या परदेशी घोड्यांचा संकर होऊन भीमा-नीरेच्या खोऱ्यात भीमथडी घोडा तयार झाला. उंचीला बेताचा, खायला थोडके, आणि डोंगरात न थकणारा. मराठ्यांची दौड या घोड्यावर झाली. अलीकडे त्याला देशातल्या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. उशिरा मिळाली, पण मिळाली.

आमचे पनवेलही एके काळी जनावरांच्या पायांवर चालणारे गाव होते. रेल्वे येण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे घाटापर्यंत पालखी, तट्टू किंवा गाडी. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. पनवेलचा मोठा धंदा म्हणजे गाड्यांची चाके बनवणे. देशावरून आलेला गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि ती कर्जतवरून गेली. पनवेल बाजूला पडले. आज एक्स्प्रेस-वेवर उभे राहून हे सांगितले तर मुलींना पटत नाही.

याच सुमारास डोंगरावर माथेरान वसत होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात तिथे पोहोचले आणि साहेबांना थंड हवेची जागा सापडली. धनगर, ठाकर, कातकरी यांना ती आधीपासून माहीत होती, पण त्याला शोध म्हणत नाहीत. वर जायचे तर पायी, पालखीत नाहीतर तट्टावर. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी वर नेली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी घातला. गाडी आली तरी घोडा हटला नाही, कारण वर मोटारीला बंदीच राहिली. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. म्हणजे पावणेदोनशे वर्षे या डोंगरावर घोडा आहे आणि त्या काळात त्याने एकही लढाई लढलेली नाही. ऑलिंपिया नावाचे एक जुने रेसकोर्स तिथे आहे, हे खरे. पण माथेरानच्या घोड्याचे आयुष्य तिथे गेले नाही. ते गेले पॉइंटापासून पॉइंटापर्यंत, कदमचालीने, कुणाच्या तरी पोराला पाठीवर घेऊन.

सहलीनंतर मला एक प्रश्न पडला. लढाई आणि शर्यत सोडून, केवळ आनंदासाठी आपल्याकडे घोड्यावर कोण बसत होते? आणि बायका बसत होत्या का?

चाँदबीबी आपल्या सर्वांना ठाऊक आहे ती अहमदनगरच्या तटावर उभी असलेली. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्याला तिने तोंड दिले आणि १६०० मध्ये तिच्याच लोकांनी तिला मारले. मुलींना परीक्षेसाठी एवढेच लागते. पण दख्खनच्या चित्रकारांनी तिला वारंवार वेगळ्याच रूपात काढले. तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७०० च्या आसपास काढलेले असे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात ती घोड्यावर आहे आणि हातावर बहिरी ससाणा. बरोबर नोकरचाकर आहेत. वेढा नाही, तोफ नाही. बाई सकाळची शिकारीला निघाली आहे, एवढेच. शंभर वर्षांनंतर लोकांना तिची आठवण कशी ठेवावीशी वाटली, हे मला त्या चित्रात दिसते. पाठ्यपुस्तकात मी कधी तरी ते चित्र चिकटवणार आहे.

दुसरी गोष्ट बायजाबाई शिंद्यांची. ही मला पुस्तकात वाचून इतका आनंद झाला, की मी स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले. बायजाबाई मूळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी हाती घेतला आणि १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजी यांच्या बाजूने उठलेल्या लोकांनी त्यांना राज्याबाहेर घालवले. फिरत फिरत त्यांचा तळ गंगेकाठी फत्तेगढला पडला. १८३५ च्या एप्रिलमध्ये फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई तिथे त्यांना भेटायला गेली. कंपनीच्या एका अधिकाऱ्याची ही बायको, स्वतः घोड्यावर बसायची फार हौस. बोलता बोलता विषय घोड्यांचा निघाला. त्या काळी इंग्रज बायका दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसत, त्यासाठी खोगीरही वेगळे असे. मराठा बायका मात्र पुरुषांसारखी मांड टाकून बसत. पार्क्सबाईंची ती एका अंगाची बैठक पाहून तळावरच्या बायकांना गंमत वाटली. ही कसली बसायची तऱ्हा! मग पार्क्सबाई मराठी पद्धतीने मांड टाकून बसल्या आणि घोडा दौडवला. त्यांना इतके मोकळे वाटले, की बायकांची बैठक बदलल्याबद्दल इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला त्यांनी चक्क मूर्खात काढले. हे सगळे त्यांनी १८५० मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे.

मी या प्रसंगाजवळ पुन्हा पुन्हा जाते. बायजाबाईंचे राज्य गेले होते. ते परत मिळण्याचे चिन्ह नव्हते. तिथे ना शर्यत होती ना बक्षीस, बघायला पुरुषांची गर्दीही नव्हती. कनातीच्या आत काही मराठा बायका आणि एक इंग्रज बाई घोडे दौडवीत होत्या आणि हसत होत्या. घोडेसवारीच्या इतिहासात हा प्रसंग कुठल्या प्रकरणात घालायचा? मला तरी त्याच्याइतका महत्त्वाचा प्रसंग दुसरा सापडला नाही.

शर्यतीला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. सही बुखारीत मदिन्याच्या एका शर्यतीचा उल्लेख आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांची शर्यत लावली, पण कसून तयार केलेल्या घोड्यांसाठी हफियापासून सनियतुल-विदापर्यंत पाच-सहा मैलांची, आणि तयारी नसलेल्या घोड्यांसाठी तिथून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत मैलभराचीच. इब्ने उमर (र.) त्यात स्वार होते. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आले. पण शिक्षिका झाल्यावर त्यातले दोन वेगळे टप्पे डोळ्यांत भरले. ज्याची जेवढी तयारी तेवढेच अंतर. आमच्याकडे स्कॉलरशिपला सगळी मुले एकाच रेषेवरून सुटतात आणि मागे राहिलेल्यांना आम्ही काठी मारतो. हल्ली हाताने नाही, जिभेने.

दुसरी एक हदीस मंदूबची. अबू तलहा (र.) यांचा हा घोडा संथ म्हणून ओळखला जाई. एका रात्री मदिन्यात कसला तरी आवाज झाला, लोक घाबरले. प्रेषित (स.) याच घोड्याच्या उघड्या पाठीवर बसून एकटे पुढे गेले, पाहणी करून परतले आणि लोकांना धीर दिला. त्या घोड्याविषयी म्हणाले, की आम्हाला तर हा समुद्रासारखा वाटला. संथ घोडा आणि समुद्र. चाँदनीच्या बाबतीत हे मला बाराव्या वर्षी कुणी सांगायला हवे होते. कदाचित सांगितलेही असेल, मी वळणाच्या हिशेबात असेन.

मुंबईत मात्र घोडा म्हटले की रेस. भायखळ्याला १८०२ पासून टर्फ क्लब होता, १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान सुरू झाले. १९४३ मध्ये तिथे पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. त्याच मैदानावर १९७९ मध्ये कार्ल उमरीगर हा जॉकी पडून गेला. त्याने विशीही ओलांडली नव्हती. रेसचे शौकीन अजून त्याचे नाव काढतात. रेसचे सौंदर्य मी नाकारत नाही. पण त्या मैदानावर घोड्याच्या पाठीवर एक माणूस असतो आणि कठड्याबाहेर हजारो, आणि त्या हजारोंपैकी बहुतेकांनी घोड्याला कधी हातही लावलेला नसतो. करवंदीची काठी तयार होते ती त्या कठड्याबाहेर.

खेळातही दुसरी वाट आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्यात दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला या दोन मुली होत्या. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले. ड्रेसाजमध्ये वेग मोजत नाहीत. घोडा किती सहज चालतो, स्वाराचे न दिसणारे इशारे किती समजतो, हे बघतात. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडेसवारीवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने सांगितले आहे, की जबरदस्तीने करवून घेतलेली चाल सुंदर होत नाही, जसे चाबकाने नाचवलेल्या माणसाचे नाचणे सुंदर होत नाही. मामूंनी झेनोफोन वाचलेला नाही.

सहलीनंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी एकटीच वर गेले. पनवेल तालुक्यातल्या धोदाणीपासून सनसेट पॉइंटकडे पायवाट चढते, त्या वाटेने. चढताना दम लागला, दोनदा परत फिरावेसे वाटले. मामू आता साठीच्या पुढे. एकच घोडी उरली आहे, कुमेत रंगाची. धंद्याचे विचारले तर त्यांनी हात हलवला. २०२२ च्या डिसेंबरपासून दस्तुरीहून गावात ई-रिक्षा धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. ते योग्यच झाले, माणसाला माणसाने किती काळ ओढायचे? मामूही तेच म्हणतात. घोडेवाल्यांची तक्रार वेगळी आहे, रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकची. त्यावर नालाचा खूर घसरतो. लाल माती खुराला धरून ठेवते.

मी चहा संपवला आणि चोवीस वर्षे पोटात ठेवलेले एकदाचे बोलले. "मामू, चाँदनी के घुटने मेरी वजह से फूटे."

मामू बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "उस दिन मैं ने भी पैसे लगाए थे. तुझ पे. पचास रुपये."

मला काय बोलावे कळेना. इतकी वर्षे त्यांचे गप्प राहणे मी माझ्यावरचा राग समजत होते. मामींनी आतून विचारले, आणखी चहा टाकू का? मामू उठले, खोगीर खांद्यावर घेतले आणि परत खाली ठेवले. घोंगडी घेतली.

मी सलवार-कमीजमध्ये होते. बसताना आठवले, की सलवार मुळात स्वारांचाच पोशाख आहे. तुर्फानला सापडलेला जगातला सर्वांत जुना पायजमा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांचा आहे. हा विचार आला तो बहुधा भीती लपवण्यासाठी. घोडीच्या पाठीची कातडी माझ्या मांडीखाली थरथरली आणि थांबली. मामूंनी दोरी धरली नाही. ते शेजारून चालत राहिले. झाडीतली वाट होती, गिऱ्हाइकांची गर्दी अजून यायची होती. घोडी कदमचालीने निघाली. थोड्या वेळाने मी टाच लावली नसताना ती आपणहून दुडकी चालीत आली, आणि मी हिशेब न करता तिच्याबरोबर हलत गेले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. परतताना माझ्या मांड्या इतक्या भरल्या होत्या, की धोदाणीची उतरण मी जवळजवळ बसत बसत उतरले. सोमवारी फळ्यावर लिहिताना मुली हसत होत्या, टीचर लंगडताय म्हणून.

त्या मुलीला मी खरे सांगितले. ती म्हणाली, "तो फिर उस दिन झूठ क्यों बोले?" मी म्हटले, लेख लिहितेय, वाच. ती मराठी वाचायला कंटाळा करते, पण बघू.

त्यानंतर चार वेळा वर जाऊन आले. गेल्या खेपेला माझी नऊ वर्षांची मुलगी बरोबर होती. मामूंनी तिला बसू दिले नाही, हातात खरारा दिला. ती फार चिडली. मामू म्हणाले, नालबंद नेरळहून पुढच्या गुरुवारी येणार आहे, पावसाआधी नाल बदलायचे आहेत, तेव्हा पुढच्या रविवारी हिला घेऊन ये, तोपर्यंत घोडी नव्या नालांना सरावेल.